मनगटाची धमनी की कोपराची शीर

मनगटातल्या धमनीत सुई घालून रक्त काढणे ही वॉर्डातल्या सर्वांत दुखणाऱ्या रोजच्या तपासण्यांपैकी एक. शिरेतून रक्त घेताना रुग्ण तोंड वळवतो आणि सोसतो. धमनीला सुई लागली की शुद्धीवर असलेला माणूस हात मागे ओढतो. धमनी खोल असते, सुईपुढून निसटते, पहिल्या खेपेला सापडली नाही तर सुई आतल्या आत फिरवावी लागते. रक्त मिळाल्यावर ती जागा पाच मिनिटे बोटाने घट्ट दाबून धरायची असते, आणि गर्दीच्या वॉर्डात नेमके तेच राहून जाते. दुसऱ्या दिवशी मनगट काळेनिळे पडते. दिवसातून तीन-चारदा असे रक्त घेतले जाणारे रुग्ण आपल्या बहुतेक अतिदक्षता विभागांत आहेत. त्यांतल्या पुष्कळांच्या बाबतीत हवी होती ती माहिती कोपराच्या शिरेतून, सलाइनची सुई घालतानाच मिळाली असती.

ही पुस्तिका त्या ‘पुष्कळांसाठी’ आहे आणि जे त्यांत बसत नाहीत त्यांच्यासाठीही. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत, लहान खासगी दवाखान्यांत रात्रपाळी करणारे तरुण डॉक्टर आणि सिस्टर-ब्रदर डोळ्यांपुढे ठेवून ती लिहिली आहे. धमनीचे रक्त चांगले आणि शिरेचे रक्त नाइलाजाचे, असे आपण विद्यार्थिदशेत शिकतो आणि पुढे कधी तपासून पाहत नाही. ‘एबीजी काढ’, म्हणजे धमनीतून ब्लड गॅस घे, हा हुकूम तोंडात इतका बसला आहे की एबीजी का काढायचा, हे विचारणारा उद्धट ठरतो. माझे म्हणणे असे की तोच प्रश्न आधी विचारला पाहिजे. या रुग्णाबद्दल नेमके काय कळायला हवे आहे? रक्तातले आम्ल? साचलेला कार्बन डायऑक्साइड? की ऑक्सिजन? उत्तरावर सुईची जागा ठरते.

ही तपासणी मुळात कशासाठी जन्मली ते पाहिले की हा प्रश्न आपोआप सुचतो. १९५२ च्या उन्हाळ्यात कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली. शहरातल्या ब्लेगडॅम रुग्णालयात श्वासाचे आणि गिळण्याचे स्नायू लुळे पडलेली मुले रोज येत होती. श्वास देणारे मोठे लोखंडी यंत्र एकच होते आणि छातीवर बसवायची लहान यंत्रे सहा. पहिल्या एकतीस गंभीर रुग्णांपैकी सत्तावीस दगावले. रक्तात एकूण कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण फार वाढलेले सापडत होते. त्याचा अर्थ तिथल्या डॉक्टरांनी असा लावला की रक्तात काही कारणाने अल्क वाढले आहे. ब्यॉर्न इब्सेन हे भूलतज्ज्ञ होते. त्यांनी उलटे सांगितले: मुलांचा श्वास पुरेसा होत नाही, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नाही, म्हणून तो साचतो आहे आणि रक्त आम्ल होते आहे. २७ ऑगस्ट १९५२ रोजी बारा वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेला छिद्र पाडून, नळी घालून त्यांनी हाताने रबरी पिशवी दाबत तिला श्वास दिला. ती वाचली. मग सुमारे पंधराशे वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून महिनोन्‌महिने पिशव्या दाबत बसले, आणि मृत्यूचे प्रमाण निम्म्याहून खाली आले.

पण पिशवी किती जोरात आणि किती वेळा दाबायची? त्यासाठी कार्बन डायऑक्साइडचा दाब चटकन कळायला हवा होता. त्याच रुग्णालयाच्या प्रयोगशाळेचे प्रमुख पॉल आस्ट्रुप यांनी रक्ताचा पीएच मोजून त्यावरून हा दाब काढण्याची रीत बसवली. पुढे अमेरिकेत लेलँड क्लार्क यांनी ऑक्सिजनचा आणि रिचर्ड स्टो व जॉन सेव्हरिंगहाउस यांनी कार्बन डायऑक्साइडचा इलेक्ट्रोड घडवला, आणि पन्नाशीचे दशक संपता संपता तिन्ही गोष्टी एकत्र मोजणारे यंत्र तयार झाले. आज आपल्या टेबलावर असलेले, कार्ट्रिज घालायचे छोटे यंत्र हा त्याचाच वंशज. म्हणजे ब्लड गॅसचा पहिला प्रश्न ऑक्सिजनचा नव्हता. श्वास पुरतो आहे की नाही, हा होता. याकडे मी वाचकाचे लक्ष मुद्दाम वेधतो, कारण शिरेचे रक्त ‘बाद’ ठरवणारे सगळे जण ऑक्सिजनच्या आकड्यावर बोट ठेवतात.

ऑक्सिजनबाबत त्यांचे बरोबरच आहे. धमनीत त्याचा दाब पाऱ्याच्या ८० ते १०० मिलिमीटरइतका असतो. हाताच्या शिरेत तो तीस-चाळीसवर येतो आणि हात गार आहे की गरम, मूठ आवळली होती की सैल होती, यावरही बदलतो. शिरेतल्या या आकड्यावरून फुप्फुसाबद्दल काहीही ठरवता येत नाही. बाकीच्या आकड्यांचे तसे नाही. शिरेतला पीएच धमनीपेक्षा सरासरी ०.०३ ते ०.०४ ने कमी असतो, बायकार्बोनेट एक-दीडने जास्त. उपचाराचा निर्णय एवढ्या फरकाने सहसा बदलत नाही. मेलबर्नच्या ॲन-मरी केली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपत्कालीन विभागातल्या रुग्णांचे दोन्ही नमुने घेऊन २००१ मध्ये हे दाखवून दिले, आणि नंतरच्या अनेक अभ्यासांत त्याला दुजोरा मिळाला.

कार्बन डायऑक्साइडचे प्रकरण अधिक नाजूक आहे आणि गफलती तिथेच होतात. शिरेतला दाब धमनीपेक्षा सरासरी पाच-सहा मिलिमीटरने जास्त असतो, हे खरे. पण सरासरीवर उपचार करायचे नसतात. एका रुग्णात हा फरक दोनचा असेल, दुसऱ्यात वीसचा. त्यामुळे शिरेच्या आकड्यातून पाच वजा करून धमनीचा आकडा ‘काढणे’ ही पद्धत सोडून द्यावी. ती खात्रीचा खोटा आभास देते. शिरेचा आकडा दुसऱ्याच रीतीने वापरायचा असतो. शिरेत कार्बन डायऑक्साइड ४५ किंवा त्याहून कमी असेल, तर धमनीत तो धोकादायक पातळीवर वाढलेला नाही असे जवळजवळ खात्रीने म्हणता येते. ४५ च्या वर असेल तर कदाचित वाढलेला असेल, कदाचित नसेल. तिथे धमनीला विचारावे. शिरेचा नमुना ‘नाही’ ठामपणे म्हणू शकतो, ‘हो’ तितक्या ठामपणे म्हणू शकत नाही. लॅक्टेटचेही तसेच. शिरेत लॅक्टेट नॉर्मल आले तर पुढे जाण्याची गरज नाही. वाढलेले आले तर आवळपट्टी किती वेळ बांधलेली होती ते आठवावे आणि धमनीतून खातरजमा करावी.

हे सगळे आपल्या भागातल्या रुग्णांना लावून पाहू.

मधुमेहाच्या कीटोआम्लतेचा रुग्ण सर्वांत सोपा. इन्सुलिन सुटलेला तरुण उलट्या करत, खोल श्वास घेत येतो. त्याच्या शिरेतला पीएच ७.१२, बायकार्बोनेट ७, कार्बन डायऑक्साइड २२. रक्तात आम्ल साचले आहे आणि फुप्फुसे ते बाहेर टाकण्याची पराकाष्ठा करत आहेत, हे एवढ्यातच उमगते. निदानाला, इन्सुलिनचा वेग ठरवायला आणि दोन तासांनी पुन्हा पाहायला शिरेचा नमुना पुरतो. ब्रिटनच्या मधुमेहतज्ज्ञांच्या मार्गदर्शक तत्त्वांतही शिरेचाच पीएच धरलेला आहे. या रुग्णाच्या मनगटाला दर चार तासांनी सुई टोचणे मला अक्षम्य वाटते. हा शब्द जड आहे याची मला जाणीव आहे, तरीही तोच वापरतो.

दमेकरी आणि जुनाट श्वसनरोगाच्या रुग्णांचे तसे नाही. पाटण किंवा जावळीच्या वाडीवर चुलीपुढे आयुष्य गेलेली आजी, तंबाखूची बिडी ओढणारा माणचा मेंढपाळ, परप्रांतांत भट्टीच्या धुरात वर्षे काढून विटा-खानापूरकडे परतलेला गलाई कामगार, यांची फुप्फुसे कार्बन डायऑक्साइड धरून ठेवायला सरावलेली असतात. थंडीत छाती भरली की ही माणसे ॲम्ब्युलन्समधून येतात, आणि त्यांच्या तोंडावर धो-धो ऑक्सिजनचा मास्क लावलेला असतो. ऑक्सिजन जास्त दिला तर नुकसान काय, असे सर्वांना वाटते. २०१० मध्ये टास्मानियात झालेल्या चाचणीत अशा रुग्णांना ॲम्ब्युलन्समध्ये मोजून-मापून, ८८ ते ९२ टक्के संपृक्ततेपुरताच ऑक्सिजन दिला, तेव्हा मृत्यूचे प्रमाण भरमसाट ऑक्सिजन दिलेल्या गटापेक्षा ५८ टक्क्यांनी कमी आले. या रुग्णाची पहिली तपासणी शिरेतून करायला हरकत नाही. कार्बन डायऑक्साइड ४० निघाला तर सुटलो. पण शिरेत पीएच ७.२८ आणि कार्बन डायऑक्साइड ७२ असेल तर धमनीतून नमुना घेतलाच पाहिजे, कारण मास्कच्या यंत्राने श्वासाला आधार द्यायचा की थेट नळी घालायची, हे त्या आकड्यांवर ठरणार आहे. मात्र रुग्ण गुंगीत जात असेल तर आकड्याची वाट पाहायची नाही.

मग ऑक्सिजनचे काय? त्यासाठी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आहे. २०२० च्या सप्टेंबरात कोविडसाठीच्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशाताई तो घेऊन घरोघरी गेल्या, आणि २०२१ च्या लाटेत सातारा-सांगलीच्या गावागावांत शाळकरी पोरेही आजोबांची संपृक्तता सांगू लागली. शिरेचा ब्लड गॅस अधिक ऑक्सिमीटर, ही जोडी बहुतेक रुग्णांना पुरेशी आहे. एकटा शिरेचा ब्लड गॅस पुरेसा नाही. मात्र ऑक्सिमीटरही फसवतो. रक्तदाब खाली गेला, बोटे गार पडली, नखांवर मेंदी किंवा रंग असला की आकडा डगमगतो. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेल्यांना कार्बन मोनॉक्साइडची बाधा होते, तेव्हा तो ९८ दाखवत राहतो. इथे धमनीची गरज आहेच असे नाही. कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेले हिमोग्लोबिन मोजण्याची सोय यंत्रात असेल तर शिरेचे रक्तही चालते. आणखी एक गोष्ट आपण मनावर घ्यायला हवी. अमेरिकेत २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत काळ्या वर्णाच्या रुग्णांत ऑक्सिमीटर ठीक आकडा दाखवत असूनही धमनीत ऑक्सिजन कमी असण्याचे प्रमाण गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट आढळले. उन्हात राबणाऱ्या आपल्या माणसांची कातडी कोणत्या रंगाची आहे ते आपण जाणतो. म्हणून आकडा ९२-९३ वर रेंगाळत असेल आणि रुग्ण दिसायला आजारी असेल, तर एकदा धमनीतून खात्री करावी, असे मी आग्रहाने सांगेन.

या पुस्तिकेतले सर्पदंशाचे प्रकरण माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे, कारण परदेशी पुस्तकांतून ते बहुधा गळलेले असते. कृष्णाकाठच्या उसात आणि पूर्वेकडच्या माळावर घोणस, फुरसे, नाग आणि मण्यार हे चारही साप आहेत. घोणस आणि फुरसे यांच्या विषाने रक्त गोठेनासे होते. अशा माणसाच्या मनगटात सुई घातली तर रक्तस्राव थांबत नाही, बाहूच्या आतल्या कप्प्यांत रक्त साचून दाब वाढतो आणि हातच धोक्यात येतो. जांघेतल्या धमनीत सुई घातली तर रक्त पोटामागे साचते आणि बाहेरून काही दिसत नाही. रक्त गोठण्यात बिघाड असेल तर धमनीत सुई घालू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या आग्नेय आशियासाठीच्या सर्पदंश मार्गदर्शिकेत स्पष्ट लिहिले आहे. आता अडचण अशी की साप कोणता चावला हे पहिल्या अर्ध्या तासात कळत नाही. नातेवाईक कधी मेलेला साप पिशवीतून आणतात, कधी अंधारात काहीतरी वळवळले एवढेच सांगतात. म्हणून नियम साधा ठेवावा. नव्या, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घेऊन ते वीस मिनिटे न हलवता ठेवायचे. मग नळी तिरकी करून पाहायची. रक्त गोठल्याचे दिसेपर्यंत धमनीला हात लावायचा नाही. तोवर लागेल ती माहिती शिरेतून घ्यायची, तीही एकाच सुईतून, जागा नीट दाबून.

मण्यारीचा दंश म्हणजे कोपनहेगनचीच गोष्ट पुन्हा. पावसाळ्यात जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्या पोराला मण्यार डसते. बऱ्याचदा त्याला कळतही नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या मिटू लागतात, जीभ जड होते, आणि काही तासांत छातीचे स्नायू लुळे पडतात. फुप्फुसे धडधाकट, श्वास मात्र होत नाही. नळी घालून जवळच्या मोठ्या रुग्णालयात नेताना १०८ च्या गाडीत कुणीतरी अंबू बॅग दाबत असते. ती पिशवीही डेन्मार्कचीच. हेनिंग रूबेन आणि होल्गर हेसे यांनी १९५६ मध्ये ती बाजारात आणली. पिशवी किती दाबायची, हा प्रश्न तिथल्या विद्यार्थ्यांना पडला होता तसाच इथे ॲम्ब्युलन्समधल्या डॉक्टरला पडतो. पोहोचल्यावर शिरेतून घेतलेला एक नमुना त्याला उत्तर देतो: कार्बन डायऑक्साइड २५ असेल तर पिशवी फार जोरात दाबली गेली, ४५ असेल तर ठीक, ८० असेल तर नळी पुन्हा तपासा आणि धमनीतून खात्री करा. मात्र श्वास दुबळा पडतो आहे हे ओळखायला कोणत्याच रक्ताची वाट पाहू नये. एका श्वासात रुग्ण कितीपर्यंत आकडे मोजू शकतो, उशीवरून मान उचलू शकतो का, हे यंत्राच्या बरेच आधी सांगतात.

तासगाव-कवठेमहांकाळच्या द्राक्षबागांतून आणि इतरही शेतांतून येणारी कीटकनाशकांची विषबाधा याच मार्गाने जाते, फक्त सावकाश. ऑरगॅनोफॉस्फेटचा रुग्ण ॲट्रोपिनने सुधारतो, सगळे निश्चिंत होतात, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवशी मानेचे आणि श्वासाचे स्नायू दुबळे पडू लागतात. या दिवसांत दर काही तासांनी कार्बन डायऑक्साइडचा कल पाहायला शिरेचा नमुना फार उपयोगी आहे. ३८, मग ४४, मग ५१ असा चढत गेलेला आकडा धोक्याची घंटा आहे, नेमका धमनीचा आकडा काहीही असो.

इथवर वाचून कुणाला वाटेल की मी धमनीच्या विरोधात उभा आहे. तसे मुळीच नाही. रक्तदाब कोसळलेल्या, हात-पाय गार पडलेल्या रुग्णात शिरेचा आणि धमनीचा मेळ तुटतो. रक्त पेशींजवळून इतके हळू वाहते की कार्बन डायऑक्साइड शिरेत साचत जातो. हृदय बंद पडून छाती दाबली जात असलेल्या रुग्णांचे मॅक्स हॅरी वाइल आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये घेतलेले नमुने पाहावेत. धमनीत सरासरी पीएच ७.४१ आणि कार्बन डायऑक्साइड ३२; शिरांतून गोळा होऊन फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्तात ७.१५ आणि ७४. एकाच क्षणी, एकाच शरीरात. फक्त धमनी पाहणाऱ्याला वाटले असते की सगळे सुरळीत आहे. पेशींची अवस्था इथे शिरेने सांगितली. म्हणून शॉकमधल्या रुग्णात दोन्ही नमुने घ्यावेत. मानेतल्या मोठ्या शिरेतून घेतलेला आणि धमनीतून घेतलेला कार्बन डायऑक्साइड यांत सहा मिलिमीटरहून जास्त अंतर असेल, तर रक्ताभिसरण अपुरे आहे असा संशय घ्यावा. एका नमुन्याने भागवायचा मोह इथे आवरावा लागतो.

तसेच कृत्रिम श्वासाच्या यंत्रावरचा रुग्ण, फुप्फुसांना सर्वत्र सूज आलेला रुग्ण, घरी कायमचा ऑक्सिजन द्यायचा का हे ठरवायचा रुग्ण: यांना ऑक्सिजनचा खरा दाब लागतो आणि तो फक्त धमनीतून मिळतो. पण मग ती सुई माणुसकीने घालावी. ब्रिटिश थोरॅसिक सोसायटी तातडी नसेल तेव्हा जागा बधिर करून मगच धमनीतून रक्त घ्यायला सांगते. टाके घालायला वापरतो तेच लिग्नोकेन, अर्धा-एक मिलिलिटर, बारीक सुईने. ते आपल्या प्रत्येक ट्रेमध्ये असते, स्वस्त असते, आणि तरी या कामाला फार क्वचित वापरले जाते. त्याआधी मनगटाच्या दोन्ही धमन्या दाबून, करंगळीकडची सोडून, तळहात पुन्हा लाल होतो का ते पाहावे. एडगर ॲलन यांनी १९२९ मध्ये सांगितलेल्या चाचणीचे हे सुधारित रूप अर्ध्या मिनिटाचे काम आहे. वारंवार नमुने लागणार असतील तर धमनीत बारीक नळी ठेवून द्यावी, रोज नव्या जखमा करू नयेत.

आता नमुन्याच्या निगेविषयी. शीर की धमनी हा वाद घालण्यापूर्वी इथे आपण किती बिघडवतो ते पाहिले पाहिजे. सिरिंजमध्ये हिपॅरिन ओढून बाहेर टाकायचे असते. ते आत राहिले तर रक्त पातळ होऊन कार्बन डायऑक्साइड आणि बायकार्बोनेट खोटे कमी दिसतात, आणि नसलेली आम्लता रुग्णाच्या माथी येते. हवेचा बुडबुडा राहिला तर नमुन्यात हवेतला ऑक्सिजन मिसळतो आणि कार्बन डायऑक्साइड निसटतो. वाट पाहत पडलेल्या नमुन्यात रक्तपेशी जिवंतच असतात. त्या ऑक्सिजन आणि साखर खात राहतात, लॅक्टेट वाढवत राहतात. आटपाडी-जतच्या एप्रिलमधल्या उन्हात खिडकीपाशी ठेवलेल्या सिरिंजमध्ये हे झपाट्याने होते. प्लास्टिकच्या सिरिंजमधला नमुना अर्ध्या तासाच्या आत यंत्रात गेला पाहिजे, लॅक्टेट हवे असेल तर पंधरा मिनिटांत.

आणि एक गोष्ट, जिच्यासाठी मी या पुस्तिकेच्या लेखकांशी हट्ट धरला. नमुना कुठला आहे हे यंत्राला सांगावे लागते. न सांगितल्यास बरीच यंत्रे तो धमनीचा समजून धमनीचेच नॉर्मल आकडे शेजारी छापतात. मग शिरेतला ३८ हा ऑक्सिजनचा दाब लाल अक्षरांत येतो. रात्री पाळी बदललेली असते, रक्त कुणी घेतले ते माहीत नसते, आणि धडधाकट श्वास घेणाऱ्या माणसाला नळी घालायची तयारी सुरू होते. उलटही होते: मनगटातून घेताना सुई शेजारच्या शिरेत गेलेली असते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. अशा वेळी ऑक्सिमीटरच्या आकड्याशी ताडून पाहावे. यंत्राच्या कागदावर पेनाने ठळक ‘शीर’ किंवा ‘धमनी’ लिहिणे, सोबत वेळ आणि त्या क्षणी रुग्णाला किती लिटर ऑक्सिजन चालू होता ते लिहिणे, एवढ्याने कितीतरी अनर्थ टळतात.

महाबळेश्वर-पाचगणीच्या डॉक्टरांसाठी एक वेगळी सूचना हवी. सुमारे साडेतेराशे मीटरवरच्या महाबळेश्वरात हवेचा दाब ६५० मिलिमीटरच्या आसपास असतो, सांगलीत ७१० च्या. सांगलीत ज्याच्या धमनीत ऑक्सिजनचा दाब ८० निघेल, त्याच निरोगी माणसाचा महाबळेश्वरात ७० च्या आसपास निघू शकतो. पुस्तकातला ८० ते १००चा पट्टा समुद्रसपाटीचा आहे. पाचगणीला क्षयरुग्णांसाठी बेल-एअर रुग्णालय उभे राहिले ते तिथल्या कोरड्या, स्वच्छ हवेपायी. त्या हवेत ऑक्सिजनचा दाब कमी असतो हे मात्र तक्ते छापणारे विसरतात.

आता रुग्णाच्या प्रवासाविषयी. डॉ. वॉन्लेस यांचे रुग्णालय १८९४ मध्ये मिरजेत सुरू झाले आणि १९६२ मध्ये तिथेच शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. पुढे कऱ्हाडला कृष्णा रुग्णालय वाढले, आता साताऱ्यातही शासकीय महाविद्यालय आहे. त्यामुळे आपल्या भागातला गंभीर रुग्ण शेवटी या तीन-चार ठिकाणी पोहोचतो, पण तिथे जाण्याआधी तो बहुधा एक-दोन लहान रुग्णालयांतून गेलेला असतो. त्या लहान रुग्णालयात यंत्र असेल तर पहिला नमुना तिथेच, सलाइन लावतानाच, शिरेतून घ्यावा आणि त्याचा कागद रुग्णाबरोबर द्यावा. मोठ्या रुग्णालयातल्या माझ्या मित्रांना मात्र माझी वेगळी विनंती आहे. ‘बाहेरचा व्हीनस आहे’ म्हणून तो कागद बाजूला टाकू नका. तुमचा पहिला नमुनाही शिरेतूनच घ्या, म्हणजे वाटेतल्या दोन तासांत रुग्ण सुधारला की बिघडला ते सारख्याशी सारखे ताडून कळेल. धमनीची गरज वाटली तर ती त्यानंतर, लिग्नोकेन देऊन.